सोर्स त्यांच्याकडे, क्रॅश आमच्याकडे: बंद सॉफ्टवेअरमधला कंपायलरचा घोळ कसा शोधायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "तुझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं माझा माग उभा केलाय बघ," अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटर तोच, माणूस तोच, डिझाइन तेच. परवापर्यंत चालत होतं की!"

अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. 'फुकटचं सॉफ्टवेअर' म्हणजे आम्ही चौघं मित्र सुट्टीच्या दिवशी सांभाळतो ती एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी. ती चित्राची फाइल घेते आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, लागणारा नकाशा करून देते. नकाशातली प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक पिक (आडवा धागा), प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक हूक (उभे धागे उचलणारा). हूक वर की खाली, बस्स. डिझाइन मास्टर दिवसभर ज्या प्रोग्रामसमोर बसतो तो मात्र परराज्यातल्या एका कंपनीचा. विकतचा आणि बंद. त्याचा सोर्स आम्ही कधी पाहिलेला नाही. चालू होताना तो आमची लायब्ररी उचलतो. आम्ही नवी आवृत्ती नव्या कंपायलरवर बिल्ड करून दिली आणि तिसऱ्या दिवशी हा फोन आला.

पुढचे तीन आठवडे आम्ही काय काय केलं ते खाली पायरीपायरीनं लिहितोय. आम्ही ते या क्रमानं केलं नाही, म्हणून तर तीन आठवडे लागले. वाचणाऱ्याला थोडंफार सी येतं आणि टर्मिनलची भीती वाटत नाही, असं धरून चाललोय. कमांड आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

पायरी १: तक्रार जागेवर जाऊन ऐका

फोनवर 'पडतं' एवढंच कळतं. कारखान्यात गेलो. मागाच्या शेजारच्या पत्र्याच्या कपाटात कॉम्प्युटर, पंख्यावर सुताचा थर, आत ३२-बिट लिनक्स. डिझाइन मास्टरनं करून दाखवलं आणि जाता जाता म्हणाला, "मेन्यूतून सेव्ह केलं तर होतंय साहेब. कंट्रोल-एस दाबलं की जातंय." आम्ही हसलो. लोक काय, बटण हळू दाबलं तर चालतं असंही सांगतात. ते वाक्य वहीत लिहून ठेवलं एवढंच बरं केलं, कारण अख्ख्या कोड्याची किल्ली त्याच वाक्यात होती.

तेव्हा वापरणारा सांगेल ते सगळं, अंधश्रद्धा वाटलं तरी, त्याच्याच शब्दांत लिहा. शिवाय हे टिपून घ्या: बंद प्रोग्रामची नेमकी आवृत्ती, 'यूनेम -एम'चं उत्तर, प्रोसेसरचं नाव, 'एलडीडी --व्हर्जन', आणि दोन्ही बायनरींचा (तो प्रोग्राम आणि आपली लायब्ररी) शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलीचा ठसा. हॅश हवाच. 'नवीच फाइल टाकलीय' असं म्हणणाऱ्याकडे तीनातल्या एकदा तरी जुनीच फाइल सापडते, आणि त्या 'म्हणणाऱ्यां'त मी स्वतःही आलो.

मग त्या मशीनला हात लावायचा नाही. डिस्कची प्रत काढा, घरी व्हर्च्युअल मशीनमध्ये उभी करा. अपडेट नाही, 'जरा हे इन्स्टॉल करून बघू' नाही. गिऱ्हाइकाचा धंदा त्यावर चाललेला असतो.

पायरी २: हात कुठवर घालायचा ते आधी ठरवा

बंद प्रोग्राम म्हटला की आमच्यातल्या धाकट्याला लगेच डिसअसेंबलर (बायनरीतलं असेंब्ली उलगडून दाखवणारं अवजार) उघडायचा असतो. थांबा. आधी कागद वाचा: त्या प्रोग्रामचा करार आणि आपल्या लायब्ररीचा परवाना.

आमची लायब्ररी एलजीपीएल २.१ खाली आहे. या परवान्याच्या सहाव्या कलमात एक फारसं न वाचलं जाणारं वाक्य आहे. लायब्ररी जोडून बंद प्रोग्राम वितरित करणाऱ्यानं ग्राहकाला स्वतःच्या वापरापुरता बदल करायची, आणि असे बदल डीबग करण्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंग करायची मुभा दिली पाहिजे, असं ते सांगतं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२(१)(एबी) आहे. प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला दुसरा, स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळवून चालवायला लागणारी माहिती मिळवण्यासाठी ते सूट देतं, मात्र ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल तरच. त्यापुढचं (एसी) प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि चाचणी करायला मोकळीक देतं. मी वकील नाही. अडचणीचं प्रकरण असेल तर वकिलाला विचारा.

आम्ही मात्र स्वतःला याहून कडक नियम घालून घेतलाय. वाइन प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतोय, आणि मायक्रोसॉफ्टचा कोड डिसअसेंबल करून पाहायचा नाही हा त्यांचा दंडक आहे. वागणूक बाहेरून तपासायची, पोट फाडायचं नाही. आमचाही तोच रस्ता: दोन प्रोग्राम जिथे एकमेकांना भेटतात ती कड तपासायची. त्या कडेची एक बाजू आपलीच असते, आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते.

अजून एक गोष्ट, सोलापुरात तर फारच महत्त्वाची. क्रॅश झाल्यावर पडणारा कोअर डंप म्हणजे त्या क्षणीची सगळी मेमरी. त्यात अण्णांची सीझनची नवी डिझाइन जशीच्या तशी असते. इथे डिझाइन बाजारात यायच्या आधी शेजारच्या गल्लीत पोचते, ही काही नवी गोष्ट नाही. कोअर डंप सार्वजनिक बग ट्रॅकरवर कधीही चढवू नका. आमच्याकडे तो एका पेन ड्राइव्हवर होता आणि काम झाल्यावर अण्णांच्या समोर पुसला.

पायरी ३: चार खणांचा तक्ता

वहीवर चार खण काढा. वर जुना कंपायलर, नवा कंपायलर. डावीकडे जुना सोर्स, नवा सोर्स. चारही जोड्या बिल्ड करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आमचा जुना कंपायलर जीसीसी १० होता, नवा जीसीसी १२. निकाल स्वच्छ आला: जीसीसी १० वर दोन्ही सोर्स चालतात, १२ वर दोन्ही पडतात. म्हणजे आम्ही लिहिलेल्या नव्या ओळींचा संबंध नाही.

"बघ बे, कंपायलरच गंडलाय!" धाकटा ओरडला. इथेच बहुतेक लोक घसरतात.

पायरी ४: ओ-झिरोवर चाललं म्हणून कंपायलर दोषी ठरत नाही

ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरनं कोड वेगवान करून देणं, पायरीपायरीनं उतरवा: ओ-टू, ओ-वन, ओ-झिरो. आमचं ओ-वनवर चालायला लागलं. पण याचा अर्थ फक्त एवढाच, की कंपायलरनं कशावर तरी विश्वास ठेवला आणि तो विश्वास फोल ठरला. तो शब्द मोडला कुणी, हा वेगळा प्रश्न.

२००९ मधलं लिनक्स कर्नलच्या टन ड्रायव्हरचं प्रकरण यासाठी आठवावं. कोडमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीनं तर्क केला: ज्याअर्थी वापरलाय त्याअर्थी नल असणार नाही. मग पुढची तपासणी त्यानं काढून टाकली, आणि सुरक्षेला भगदाड पडलं. सी भाषेच्या नियमांप्रमाणे जीसीसी बरोबर होता. नंतर कर्नलवाल्यांनी 'नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स' हा फ्लॅग कायमचा लावून घेतला.

जीसीसीची मंडळी बग घेण्याआधी सांगतात ते करा: 'वॉल' आणि 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' लावून सगळ्या सूचना वाचा, मग 'नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग', 'रॅप-व्ही' आणि 'नो-अ‍ॅग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स' लावून फरक पडतो का बघा. पडला, तर चूक बहुधा तुमच्याच कोडमध्ये. आमच्याकडे या तिन्हीनं काही झालं नाही. 'नो-ट्री-व्हेक्टराइझ' लावलं आणि क्रॅश गायब! हा धागा हाती आला तो १२ च्या बदलांची यादी वाचल्यामुळे. २०२२ साली आलेल्या जीसीसी १२ पासून व्हेक्टरायझेशन (अनेक छोटी कामं एका मोठ्या इन्स्ट्रक्शनमध्ये उरकणं) ओ-टूवरच चालू झालं. त्याआधी त्यासाठी ओ-थ्री लागायचं. कंपायलर बदलला की त्याच्या बदलांची यादी वाचायला अर्धा तास लागतो. आम्ही ती दहाव्या दिवशी वाचली.

पायरी ५: आधी आपलं घर झाडा

आपल्या लायब्ररीच्या चाचण्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि यूबी सॅनिटायझर लावून चालवा. पहिला मेमरीच्या चुका पकडतो, दुसरा सी भाषेचे नियम मोडणारा कोड. बंद प्रोग्रामसोबत अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालवणं कटकटीचं असतं, कारण त्याचा रनटाइम प्रोग्रामच्या आधी लोड व्हावा लागतो. त्यासाठी एलडी-प्रीलोडनं (सांगितलेली लायब्ररी सगळ्यांच्या आधी लोड करायची सोय) 'लिब-एसॅन' आधी घुसवावी लागते. तेही जमलं नाही तर व्हॅलग्रिंड आहे. तो सोर्स मागत नाही, पुन्हा बिल्डही मागत नाही. बायनरी दिली की झालं. हळू चालतो, पण रात्रभर चालू द्या.

आमचं घर स्वच्छ निघालं. स्वच्छ नसतं तर हा लेख इथेच संपला असता.

पायरी ६: अर्धं जुनं, अर्धं नवं

गिट बायसेक्ट सगळ्यांना माहीत आहे. सोर्सच्या इतिहासात चुकलेला बदल तो अर्ध्याअर्ध्यानं शोधतो. इथे सोर्सचा दोष नव्हता, म्हणून तीच युक्ती ऑब्जेक्ट फाइलींवर केली. आमच्या २२ सी फाइली. दोन्ही कंपायलरनी त्या वेगवेगळ्या फोल्डरात कंपाइल केल्या, मग ११ जुन्या आणि ११ नव्या जोडून लायब्ररी केली. पडली? मग दोष नव्या ११ मध्ये. त्यांचे पुन्हा दोन भाग. जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत एक फाइल उरते. आमच्या बाबतीत रंगांची पॅलेट सांभाळणारी फाइल उरली. आत फंक्शन तीनच. एकेकावर 'ऑप्टिमाइझ' हे अ‍ॅट्रिब्यूट लावून ऑप्टिमायझेशन बंद केलं आणि फंक्शन सापडलं.

जीसीसीऐवजी एलएलव्हीएमचा क्लँग हा कंपायलर वापरत असाल तर आणखी खोल जाता येतं. एलएलव्हीएमचा 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट' कितव्या पासनंतर, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यानंतर, कोड बिघडतो तो आकडा देतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये आतलं दिसत नाही, पण 'प्रॅग्मा ऑप्टिमाइझ' बंद करून फंक्शनपर्यंत नक्की पोचता येतं.

पायरी ७: पडलं तिथे उभं राहून बघा

इथे घाई करू नका.

जीडीबी हा डीबगर लावला, कंट्रोल-एस दाबलं, सेगमेंटेशन फॉल्ट. बॅकट्रेस (कुणी कुणाला हाक मारली ती यादी) निम्मा प्रश्नचिन्हांचा, कारण बंद प्रोग्राममध्ये सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं, नाहीत. सिग्नलची माहिती विचारली तर पत्ता शून्य आला. शून्य म्हणजे नल पॉइंटर, असं धरून आम्ही दोन संध्याकाळी नल पॉइंटर शोधत बसलो. नव्हताच. x८६ वर काही चुकांमध्ये प्रोसेसर पत्ता सांगतच नाही, आणि कर्नल त्या जागी शून्य ठेवतो. तेव्हा पत्ता शून्य दिसला की लगेच भुलू नका.

पत्त्याऐवजी थेट इन्स्ट्रक्शन बघा. 'एक्स-स्लॅश-आय डॉलर-पीसी' दिलं आणि समोर आलं: मूव्ह-ए-पी-एस, एक्सएमएम-झिरो रजिस्टरमधलं स्टॅकवर, ईएसपी (स्टॅकचं टोक सांगणारं रजिस्टर) अधिक १६ या जागी. आता 'मूव्ह-ए-पी-एस'मधला 'ए' म्हणजे अलाइन्ड. एका दमात १६ बाइट लिहिते, पण अट अशी की जागेच्या पत्त्याला १६ नं भाग जायला हवा. म्हणजे हेक्समध्ये पत्त्याचा शेवटचा अंक शून्य. आम्ही ईएसपी छापला. शेवटचा अंक 'सी', म्हणजे १२. त्यात १६ मिळवले तरी शेवटी 'सी'च. बारा बाइट पुढे सरकलेला स्टॅक, आणि प्रोसेसरनं हात वर केले.

चित्र आता जुळलं. त्या फंक्शनमध्ये आठ रंगांची छोटी पॅलेट शून्यावर आणणाऱ्या आठ ओळी होत्या. जीसीसी १० त्यांची चार-चार बाइटची आठ साधी लिखाणं करायचा. त्यांना अलाइनमेंटची पर्वा नसते. आम्ही 'एम-एसएसई-टू' हा फ्लॅग आधीपासून देत होतो, म्हणून जीसीसी १२ नं त्याच आठ ओळींच्या सोळा-सोळा बाइटच्या दोन उड्या केल्या. फंक्शनला हाक येते तेव्हा स्टॅक १६ बाइटवर लागलेला असतो हे त्यानं गृहीत धरलं. ३२-बिट लिनक्सवर जीसीसी अनेक वर्षं असंच धरतो. पण आय३८६ चा मूळ सिस्टिम-फाइव्ह करार (फंक्शनांनी एकमेकांना हाक कशी मारायची याचे नियम) फक्त ४ बाइटचा होता, आणि बंद प्रोग्राम त्या जुन्या करारानं बनवलेला होता. तो चुकला नाही, जीसीसीही चुकला नाही. दोघं वेगवेगळे करार पाळत होते.

आणि डिझाइन मास्टरचं वाक्य? ४ बाइटच्या हिशेबानं चालणाऱ्या स्टॅकचे १६ च्या मापात चारच मुक्काम होतात: ०, ४, ८, १२. त्यातला एकच सोयीचा. मेन्यूतून सेव्ह केलं की हाक ज्या वाटेनं येते त्या वाटेवर स्टॅक योगायोगानं शून्यावर यायचा. कंट्रोल-एसच्या वाटेवर बारावर. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सांगितलं होतं की साहेब," आणि शेंगाचटणीची पुडी पुढे केली.

वाइनवाल्यांनाही हीच ठेच लागलेली आहे. ३२-बिट विंडोजचे प्रोग्राम स्टॅक ४ बाइटवरच ठेवतात, म्हणून त्यांना आपल्या बाजूला स्टॅक पुन्हा लावून घ्यावा लागतो.

पायरी ८: कडेवर पहारेकरी बसवा

प्रत्येक घोळ एका इन्स्ट्रक्शनवर पकडता येत नाही. क्रॅश न होता नुसतं चुकीचं उत्तर येत असेल, बॉर्डर एक हूक सरकत असेल, तर मध्ये एक पातळ लायब्ररी बसवा. तिची फंक्शनं तुमच्याच नावांची. काम फक्त आलेले आर्ग्युमेंट फाइलीत लिहायचं आणि खरी हाक पुढे पाठवायची. एलडी-प्रीलोडनं ती आधी लोड होते. नंतर तीच नोंद तुमच्या साध्या प्रोग्राममधून पुन्हा वाजवा: बंद प्रोग्रामशिवाय तोच खेळ, घरी बसून, हजार वेळा.

या हत्याराचं प्रसिद्ध उदाहरण २०१० सालचं. फेडोरा १४ वर ६४-बिट फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला. ग्लिबसीनं, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीनं, काही इंटेल प्रोसेसरांसाठी 'मेम-कॉपी' या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनचं नवं, वेगवान रूप आणलं होतं आणि ते उलट्या दिशेनंही कॉपी करायचं. एकमेकांवर चढलेल्या जागा मेम-कॉपीला देऊ नयेत असा नियम आहे. फ्लॅश तो मोडत होता, पण जुन्या रूपावर खपून जायचं. फ्लॅशचा सोर्स कुणाकडे नव्हता. लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सनं स्वतःची छोटी मेम-कॉपी एलडी-प्रीलोडनं घुसवून दाखवलं की आवाज नीट येतो. २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये तोडगा असा निघाला: आधी बनलेल्या बायनरींना खपवून घेणारी जुनी वागणूक, नव्यानं बिल्ड होणाऱ्यांना नवी. नियमाप्रमाणे दोष फ्लॅशचा होता, हे सगळ्यांना मान्य असूनही. माझं मत लिनसच्या बाजूचं आहे: वापरणाऱ्याला नियमाची कलमं ऐकायची नसतात. ग्लिबसीवाल्यांची बाजूही पोकळ नव्हती, हेही खरं.

पायरी ९: बंद प्रोग्राम वगळून तोच क्रॅश

सगळ्यात मोलाची गोष्ट ही. जोवर 'अण्णांच्या मशीनवर पडतं' एवढंच तुमच्याकडे आहे, तोवर ते कुणीच ऐकून घेणार नाही. आमचा नमुना दोन फाइलींचा झाला, मिळून तीसेक ओळी. एकीत पॅलेटचं फंक्शन, ओ-टू आणि एम-एसएसई-टूवर. दुसरीत नुसता मेन, त्याला हाक मारणारा, पण 'प्रिफर्ड-स्टॅक-बाउंडरी' २ देऊन कंपाइल केलेला. हा २ म्हणजे दोनाचा घात, म्हणजे ४ बाइट. चालवला की पडतो. यात कंपनीचा एक बाइट नाही, अण्णांच्या डिझाइनचा एक ठिपका नाही. कुणालाही पाठवता येतो.

हाच तुकडा कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर टाकून १० आणि १२ चं असेंब्ली शेजारीशेजारी ठेवलं, आणि चर्चा पाच मिनिटांत संपली. मॅट गॉडबोल्टनं २०१२ मध्ये सुरू केलेली ही सोय असल्या कामाला हुकमी. फक्त लक्षात ठेवा, तिथे बनवलेली लिंक साठवली जाते. परक्याचा कोड तिथे चिकटवू नका.

पायरी १०: दोष खरंच कंपायलरचा निघाला तर

निघतोही. युटा विद्यापीठाच्या सी-स्मिथ या अवजारानं यादृच्छिक सी प्रोग्राम बनवून कंपायलर तपासले आणि तीन वर्षांत ३२५ हून जास्त नवे बग कळवले. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधाप्रमाणे तपासलेल्या प्रत्येक कंपायलरनं कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोड दिला. तेव्हा 'कंपायलर कधी चुकत नाही' ही पोथीही सोडा.

नमुना सी-व्हाइज किंवा सी-रिड्यूसनं लहान करा. या अवजारांना एक छोटी स्क्रिप्ट द्यावी लागते: 'बग अजून आहे का' याचं हो-नाही सांगणारी. तिथेच गोम आहे. नुसतं 'ओ-झिरो आणि ओ-टूचं उत्तर वेगळं' एवढीच अट ठेवलीत, तर सकाळी तुमच्या हातात व्हेरिएबलला किंमतच न दिलेला निरर्थक प्रोग्राम येईल; त्याची उत्तरं वेगळी येणारच. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी दोन गाळण्या लावा: वॉर्निंगशिवाय कंपाइल झालं पाहिजे, आणि यूबी सॅनिटायझरनं तक्रार करता कामा नये.

बग लिहिताना 'जीसीसी -व्ही'चं पूर्ण उत्तर, पूर्ण कमांड आणि 'सेव्ह-टेम्प्स'नं मिळालेली प्रीप्रोसेस केलेली फाइल द्या. स्क्रीनशॉट नको. आधी शोधा, तुमचा बग बहुधा कुणीतरी कळवलेला असतो.

पायरी ११: कंपनीला पत्र

आमचं पहिलं पत्र तीन पानी होतं, आणि दुसऱ्याच वाक्यात 'आपला प्रोग्राम कालबाह्य कराराने बनवलेला असल्यामुळे' असं होतं. खरं होतं. उत्तर आलं: कृपया आमच्यासोबत आलेलीच लायब्ररी वापरावी.

दुसरं पत्र नऊ ओळींचं लिहिलं. कोणत्या आवृत्तीत, कोणती कळ दाबल्यावर, काय होतं. सोबत दोन फाइलींचा नमुना आणि तो चालवायची एक ओळ. तुमच्या बाजूनं हवं असल्यास बिल्डमध्ये एक फ्लॅग बदलावा लागेल, तो हा. आम्ही आमच्या बाजूनं तोडगा काढला आहे, घाई नाही. सोर्स मागितला नाही, दोष दिला नाही. आठवड्यानं त्यांच्या एका इंजिनिअरचं थेट उत्तर आलं: नमुना त्यांच्याकडेही पडला. मदत कक्षातल्या माणसाला तुमचं पत्र पुढे ढकलावंसं वाटलं पाहिजे. त्याला ते समजलंच पाहिजे असं नाही.

पायरी १२: तोवर माग चालू

तोडगा दोन प्रकारांनी होतो. सगळ्या लायब्ररीला 'एम-स्टॅक-रीअलाइन' लावा, किंवा बाहेरून हाक येते तेवढ्याच फंक्शनांवर 'फोर्स-अलाइन-आर्ग-पॉइंटर' हे अ‍ॅट्रिब्यूट लावा. आम्ही दुसरं केलं; बाहेरची दारं चारच आहेत आणि दारातच स्टॅक नीट लावून घेतला की आत कुणाला त्रास नाही. व्हेक्टरायझेशन बंद करूनही भागलं असतं. पण ते लक्षण दाबणं झालं. पुढच्या कंपायलरनं दुसऱ्या कारणासाठी तीच इन्स्ट्रक्शन वापरली की पुन्हा साडेनऊचा फोन.

वेळेचंही ठरवून टाका. आम्ही फुकट काम करतो म्हणजे रात्री-अपरात्री बांधलेले नाही. आता फोन एकानंच घ्यायचा, आळीपाळीनं, आणि 'जुनी आवृत्ती परत टाका' हे पहिलं उत्तर लगेच द्यायचं, शोध रविवारी. जुनी बायनरी हॅशसकट जपून ठेवली असेल तरच हे जमतं. अण्णांनी पैसे विचारले. आम्ही त्यांच्याकडे पडून असलेला तसलाच जुना ३२-बिट कॉम्प्युटर मागून घेतला. तो आता आमच्या एकाच्या घरी जिन्याखाली असतो, आणि दोन फाइलींचा तो नमुना प्रत्येक नव्या बदलानंतर त्यावर चालतो.

त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या वर पाच ओळींची कॉमेंट आहे: का लावलं, कोणत्या कंपायलरपासून, कोणती चाचणी पडेल. गेल्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलानं पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवली: ३२-बिट आता कोण वापरतं, हे काढून टाकूया. मी त्याला उत्तर लिहिलं नाही, गाडीवर घालून अक्कलकोट रोडला नेलं. डिझाइन मास्टरनं त्याला कंट्रोल-एस दाबायला लावलं, जुनी बायनरी टाकून एकदा, नवी टाकून एकदा. परत येताना अशोक चौकात चहाला थांबलो, तिथेच त्यानं मोबाइलवरून ती रिक्वेस्ट स्वतः बंद केली, आणि कॉमेंटमध्ये शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या दुरुस्त केल्या तर चालेल का, असं विचारलं.